शीड नवं, भांडण जुनं

तर मंडळी, अखेर ठरलं. आमच्या बोटीला नवं मेनसेल येतंय. बोट म्हणजे काही श्रीमंती थाट नाही हो. 26 फुटी, 1970 च्या दशकातली, ओहोटीत चिखलावर दोन पायांवर उभी राहणारी, सॉलेंटमधली एक म्हातारी. शीड तिच्याच वयाचं वाटावं इतकं ढिलं. कापड टेरिलीनचं, म्हणजे आपल्या वडिलांच्या न चुरगळणाऱ्या शर्टांचंच. पण शर्ट नाही तरी शीड ताणलं जातंच. त्याला पोट सुटलं की वाऱ्याने बोट पुढे कमी जाते आणि कलते जास्त.

खरा वाद शिडाचा नव्हताच. वाद होता रीफिंगचा. वारा वाढला की शीड लहान करावं लागतं, पँट दुमडावी तसं. आमच्या बोटीवर त्यासाठी जुनी पद्धत होती: हँडल फिरवायचं की बूम स्वतःभोवती फिरतो आणि शीड त्यावर गुंडाळलं जातं. ऐकायला झकास. प्रत्यक्षात एका हाताने हॅलियार्ड सोडायची, दुसऱ्याने हँडल फिरवायचं आणि बोटीला धरायला तिसरा हात कुठून आणायचा ते आपणच बघायचं.

गेल्या ऑगस्टमध्ये लिमिंग्टनहून पूलकडे निघालो होतो. हर्स्टच्या अरुंद तोंडातून ओहोटी पश्चिमेला धावते, वारा नेमका समोरून, नैर्ऋत्येचा. पाणी आणि वारा एकमेकांवर धडकले की तिथे लाटा उभ्या राहतात. मी मास्टपाशी हँडल फिरवतोय, गुंडाळलं जाताना बूमचं मागचं टोक खाली झुकत चाललंय, आणि ते कॉकपिटमध्ये सुकाणू धरून बसलेल्या बायकोच्या डोक्याच्या उंचीला आलेलं मला दिसलंच नाही. ती वेळेत वाकली म्हणून बरं. परत फिरलो. यार्मथला बांधेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग चहा करता करता म्हणाली, "तू पुढे गेलास की मला फक्त तुझी पाठ दिसते. तू पडलास तर हे शीड मी खाली कसं आणणार?"

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर ज्याला त्याला विचारत सुटलो. मास्टच्या आतच गुंडाळलं जाणारं शीड घ्या, असा बऱ्याच जणांचा सल्ला. कॉकपिटमधून दोरी ओढा, झालं. मोठ्या बोटींवर असेलही ठीक. पण आमच्यासाठी त्याचा अर्थ जवळजवळ नवा मास्ट, वरच्या बाजूला जादा वजन, आणि आडव्या पट्ट्यांशिवायचं, कडेला आत कापलेलं कमी क्षेत्रफळाचं शीड. शिवाय ते फटीत अडकलं तर? अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि वारा वाढतोय. साध्या शिडाची हॅलियार्ड सोडली तर ते बहुतेक वेळा खाली तरी येतं. यंत्रणा चालते कशी, हे दुकानात कोणीही दाखवतं. ती बिघडते कशी, हे मात्र आपणच विचारायला हवं.

म्हणून घेतलंय स्लॅब रीफिंग. शीड थोडं खाली सोडायचं, पुढचा कोपरा ओढून घ्यायचा, मागचा ओढून घ्यायचा. माझं मत होतं की पुढच्या कोपऱ्याला मास्टपाशी एक साधा हूक पुरे. दोन पावलं तर जायचंय! एकाच दोरीने दोन्ही कोपरे ओढायची सोयही मिळते, पण तिच्यात घर्षण फार, आणि नेमकं कुठे अडकलंय ते कळत नाही. शेवटी बायकोचा प्रश्न समोर ठेवला आणि माझा हूक हरला. प्रत्येक रीफला दोन दोऱ्या, दोन रीफ, अधिक हॅलियार्ड: पाच दोऱ्या कॉकपिटमध्ये. शेवयांचा टोप होणार आहे, माहीत आहे. दोऱ्यांचे रंग तिने निवडलेत.

अनुभवी मंडळी हसतील. हसू देत. जो माणूस बोटीवर कमी जाणतो, त्याला एकट्याला जमेल तेच रीफिंग घ्यावं, असं माझं आता ठाम मत झालंय. दुसरा रीफ मात्र मी हट्टाने चांगला खोल मागितलाय.

एप्रिलमध्ये शीड येईल. पहिल्या दिवशी नांगरावरच, बोट वाऱ्याकडे तोंड करून, ती सगळं एकटी करणार आणि मी खाली चहा करणार. आवाज आला तरी वर यायचं नाही, अशी अट आहे.