विमान विकत मिळते, वाट मिळत नाही

१/ आजचा धागा थोडा लांब आहे आणि त्यात माझे मतही आहे. पटले नाही तर अवश्य खोडून काढा.

ऑगस्ट २०२५ मध्ये एअर इंडियाने जाहीर केले की १ सप्टेंबरपासून दिल्ली–वॉशिंग्टन ही सेवा स्थगित होत आहे. कारणे दोन दिली होती. कंपनीची २६ बोइंग ७८७-८ विमाने आतून नव्याने बांधण्यासाठी टप्प्याटप्प्याने सेवेबाहेर जात आहेत, हे पहिले. पाकिस्तानची हवाई हद्द बंद असल्याने वाट लांबली आहे, हे दुसरे.

२/ बहुतेक वृत्तपत्रांनी पहिल्या कारणाला अधिक जागा दिली. नवी आसने, नवे पडदे, ४० कोटी डॉलरचा खर्च. दुसरे कारण एका ओळीत उरकले. माझे म्हणणे असे की लांब पल्ल्याच्या हवाई मार्गाचा इतिहास त्या दुसऱ्या ओळीतच आहे, आणि आपण तो नेहमी पहिल्या ओळीतून वाचतो. विमान कोणते, किती मोठे, किती वेगवान, यावर आपण भरभरून बोलतो. ते कोणाच्या डोक्यावरून जाते आणि कोणाच्या दारात थांबते, हे विचारत नाही.

३/ सुरुवात १९२९ पासून करू. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची ही टपाल व प्रवासी सेवा सुरू केली. त्या काळी हा जगातील सर्वांत प्रतिष्ठित मार्गांपैकी एक. आता त्याचे टप्पे पाहा. क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधील बाझेल. तेथे प्रवासी विमानातून उतरत आणि आगगाडीत बसत! गाडीने आल्प्स ओलांडून इटलीतील जिनोव्हा. तेथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्रावरून अलेक्झांड्रिया. पुढे पुन्हा जमिनीवरील विमानाने गाझा, बगदाद, बसरा, इराणचा किनारा, ग्वादर आणि अखेर कराची. एकूण सात दिवस.

४/ मधली आगगाडी कशासाठी? विमानात आल्प्स ओलांडण्याची ताकद नव्हती, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. डोंगराची अडचण होतीच. पण खरी गाठ इटलीच्या सरहद्दीवर पडली होती. परक्या विमानाने कोणत्या बाजूने आत यावे, यावरून तंटा होता आणि तो सुटेपर्यंत जगातील सर्वांत मोठ्या साम्राज्याचे टपाल रुळांवरून जात होते. (भूमध्य समुद्र ओलांडणाऱ्या त्या विमानाच्या जातीचे नाव होते ‘कलकत्ता’. साम्राज्याला नावे ठेवण्याची हौस भारी.)

५/ पुढे इराणनेही आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी वाढवून दिली नाही. मग १९३२ मध्ये संपूर्ण मार्ग आखाताच्या दुसऱ्या तीरावर, अरबी किनाऱ्यावर न्यावा लागला. शारजाच्या शेखाशी करार करून, भाडे ठरवून, वाळवंटात धावपट्टी आणि किल्ल्यासारखे विश्रामगृह बांधले गेले. ती वास्तू आजही आहे. तेथे विमानविद्येचे संग्रहालय आहे. दुबई-अबुधाबीच्या आजच्या हवाई वैभवाची एक मुळी या नकारात आहे, असे मला वाटते. इराणने ‘नाही’ म्हटले म्हणून शारजाचे नाव नकाशावर आले.

६/ याच कराचीला जोडून आपली गोष्ट सुरू होते. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा एका छोट्या पस मॉथ विमानात टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत, जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. आपण याला भारतीय नागरी विमानसेवेचा जन्म म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण ही सेवा होती काय? लंडनहून कराचीला आलेले टपाल दक्षिणेकडे पोचवणारी उपशाखा. मुख्य वाट दुसऱ्याची. आपल्याकडे आला तो तिचा फाटा.

७/ आणि जुहू म्हणजे तेव्हा काय, तर समुद्रकाठची चिखलवट. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. मग टाटांची विमाने पुण्याला, येरवडा तुरुंगालगतच्या मैदानावर उतरत. पुण्यातील वाचकांनी पुढच्या वेळी तेथून जाताना हे आठवावे.

८/ दुसरे महायुद्ध संपता संपता, नोव्हेंबर-डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे परिषद भरली. आज आपण ज्या नियमांखाली उडतो ते तेथे ठरले. अमेरिकेकडे विमाने होती, म्हणून तिला आकाश मोकळे हवे होते. ब्रिटनकडे जगभर पसरलेले थांबे होते, म्हणून त्याला वाटणी हवी होती. अखेर करारनाम्याच्या पहिल्याच कलमात लिहिले गेले की प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सत्ता आहे. समुद्र सर्वांचा, ही कल्पना जुनी होती. आकाश सर्वांचे, ही कल्पना तेथे हरली. त्यानंतर दोन देशांमधील प्रत्येक मार्गासाठी दोन सरकारांनी समोरासमोर बसून करार करायचा, हीच रीत पडली.

९/ म्हणूनच १९४८ साल मला आपल्या नेहमीच्या वर्णनापेक्षा वेगळे दिसते. मार्चमध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली. ४९ टक्के भांडवल सरकारचे, २५ टक्के टाटांचे, उरलेले जनतेचे. ८ जूनला, मंगळवारी, ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवाशांसह मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला पोचले. हे विमान त्या काळचे उत्तम यंत्र होते. आतील हवेचा दाब राखलेला, त्यामुळे उंचावरून, वादळाच्या वरून जाणारे.

१०/ या उड्डाणाची आठवण काढताना आपण महाराजाचे चित्र, खानपान आणि थाट यांबद्दल सांगतो. मला त्या मार्गातील एक गैरहजेरी महत्त्वाची वाटते. थांब्यांच्या यादीत कराची नाही. सोळा वर्षांपूर्वी ज्या गावाहून भारतीय विमानसेवा सुरू झाली, ते गाव आता परदेशात होते. मुंबईहून निघालेले विमान पहिल्यांदा टेकले ते थेट कैरोला. मुंबई आता फाट्याचे टोक राहिली नाही, मुख्य वाटेचे पहिले गाव झाली. हे यंत्रामुळे शक्य झाले, हे मी नाकारत नाही. लांब झेप घेणारे विमान नसते तर मधली गावे टाळता आली नसती. पण कैरो आणि जिनिव्हा येथे उतरण्याची मुभा कोणत्याही कारखान्यात तयार होत नव्हती. ती स्वतंत्र देशाला मागता आली, म्हणून मिळाली.

११/ थांब्याची किंमत केवळ इंधनाची नसते, हे पुढे फार कठोरपणे कळले. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हीच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँवर आदळली. ४८ जण गेले. प्रवाशांत बहुसंख्य भारतीय खलाशी होते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जहाजावर रुजू होण्यासाठी निघालेले. पहिल्या उड्डाणाच्या प्रवाशांत कोण संस्थानिक होते, हे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असते. या खलाशांची नावे मात्र कोणी आठवत नाही. लांब पल्ल्याची सेवा दोन वर्षांत कोणाच्या उपयोगी पडू लागली होती, हे त्या प्रवासी यादीतून दिसते.

१२/ २४ जानेवारी १९६६. पुन्हा जिनिव्हाची वाट, पुन्हा माँ ब्लाँ. या वेळी बोइंग ७०७ ‘कांचनजंगा’. ११७ मृत्यू, त्यांत डॉ. होमी भाभा. या अपघातावर कटाच्या कथा दर वर्षी फिरतात. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष साधा आणि म्हणून अधिक चटका लावणारा आहे: विमानातील दिशादर्शक यंत्रांपैकी एक नादुरुस्त होते आणि आपण पर्वत ओलांडला आहे, असा वैमानिकाचा गैरसमज झाला. २०२० मध्ये तेथील वितळत्या हिमनदीतून जानेवारी १९६६ ची भारतीय वृत्तपत्रे बाहेर आली. मथळे इंदिरा गांधींच्या निवडीचे होते.

१३/ मधल्या काळात यंत्र झपाट्याने बदलले होते. १९६० मध्ये पहिले ७०७, ‘गौरीशंकर’, सांताक्रूझला उतरले आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. जून १९६२ मध्ये एअर इंडियाने सगळी जुनी पंख्याची विमाने बाजूला सारून संपूर्ण जेट ताफा असलेली जगातील पहिली कंपनी असल्याचे जाहीर केले. अभिमान वाटावा असेच ते होते. पण त्या न्यूयॉर्कमागे एक फाइलींचा इतिहास आहे. भारत-अमेरिका हवाई करार १९४६ चा. अमेरिकी कंपन्यांनी किती आसने आणावीत यावर बंधन असावे, अशी भारताची भूमिका होती. ते जमेना, तेव्हा भारताने करार मोडण्याची नोटीस दिली. १९५६ मध्ये नवा करार झाला, आणि त्यानंतर चार वर्षांनी ‘गौरीशंकर’.

१४/ आता अलीकडे येऊ. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू झाली, बोइंग ७७७-२००एलआर या अतिदूर पल्ल्याच्या विमानाने. अशी आठ विमाने घेतली होती. तोटा वाढला, इंधन महागले, आणि २०१३ मध्ये त्यांतील पाच अबुधाबीच्या एतिहादला विकण्याचा करार झाला. दहा वर्षेही झाली नाहीत तोच, २०२२ मध्ये, टाटांकडे परतलेल्या कंपनीने त्याच जातीची पाच जुनी विमाने भाड्याने घेतली. ती पूर्वी अमेरिकेच्या डेल्टाकडे होती. याला केवळ मूर्खपणा म्हणून हसणे सोपे आहे. तोट्यातील कंपनीने काय करायचे होते, हाही प्रश्न आहेच. माझा आक्षेप निराळा आहे. विमान घेतले म्हणजे धोरण झाले, असे आपण मानले. म्हणून विमान विकल्यावर धोरणच उरले नाही.

१५/ मार्ग समजून घेण्यात किती ताकद असते, याचे उदाहरण याच कंपनीने दिले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर सुमारे १४ हजारांवरून १५,३०० किलोमीटरवर गेले आणि तरीही प्रवासाचा वेळ घटला! वरच्या थरातील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पाठीमागून वारा मिळाला. विमान तेच, आसने तीच. बदलली ती फक्त वाट.

१६/ आणि वाट बंद झाली की काय होते? फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आकाश बंद केले. जुलैच्या मध्यापर्यंत ते तसेच राहिले. एअर इंडियाचे ४९१ कोटींचे नुकसान सरकारने संसदेत सांगितले. इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला इंधनासाठी दोह्याला उतरावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर पुन्हा तेच. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमाने इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली. १९४८ मध्ये जिनिव्हा, २०२५ मध्ये व्हिएन्ना. मधल्या ७७ वर्षांतील सगळ्या यांत्रिक प्रगतीला एका शेजाऱ्याच्या सूचनापत्राने मागे नेऊन ठेवले.

१७/ येथे मुंबईचे भाग्य वेगळे. दिल्लीहून पश्चिमेला निघाले की थोड्याच वेळात पाकिस्तान; मुंबईहून निघाले की अरबी समुद्र. जुलै २०२५ मध्ये इंडिगोने आपली पहिली लांब पल्ल्याची युरोप सेवा सुरू केली ती मुंबईहूनच, मँचेस्टर आणि ॲम्स्टरडॅमला, नॉर्वेच्या नॉर्स कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या ७८७-९ विमानांनी. विमान भाड्याचे, पण भूगोल मुंबईचा स्वतःचा. ‘मलबार प्रिन्सेस’नेही तोच वापरला होता.

१८/ कोणी म्हणेल, यात आपला काय दोष? दार शेजाऱ्याने लावले. खरे आहे. पण आपणही दारे लावून बसलो आहोत. दुबईशी असलेल्या करारात दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६५ हजार आसनांची मर्यादा आहे आणि ती वाढवावी ही तिकडची मागणी आपण वर्षानुवर्षे अडवून धरली आहे. आपल्या कंपन्यांना स्वतःच्या थेट सेवा उभ्या करण्यास अवधी मिळावा, हे त्यामागचे समर्थन. मला ते तत्त्वतः मान्य आहे. १९५० च्या दशकात आपण अमेरिकेशी हेच केले होते. फक्त तेव्हा करारानंतर चार वर्षांत न्यूयॉर्कला विमान गेले. आज अडवलेल्या त्या काळात आपण काय उभे केले, हे तपासून पाहण्याचा हक्क भाडे भरणाऱ्या प्रवाशाला आहे. आखातात मजुरीसाठी जाणाऱ्याला तर आहेच, कारण आसनांच्या टंचाईचे चढे दर तोच मोजतो.

१९/ २६ विमानांपैकी पहिले जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथे नव्या रूपासाठी गेले. ती सगळी परततील, तेव्हा आसनांची छायाचित्रे आपल्या पडद्यावर येतील आणि ती सुंदरच असतील. ती पाहून झाली की उड्डाणांचा माग दाखवणारे एखादे ॲप उघडा, दिल्लीहून निघालेले विमान शोधा आणि ते कोणत्या किनाऱ्याला वळसा घालून जाते आहे, ते पाहा. शेजारी १९३२ चा इम्पीरियल एअरवेजचा नकाशा ठेवता आला तर उत्तम.