लिथियम द्यायचे, तर रक्तचाचणीही हवी

मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन देणारी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा स्वागतार्ह असली, तरी द्विध्रुवी विकाराचा, म्हणजे उन्माद आणि तीव्र नैराश्य यांचे झटके आलटून-पालटून आणणाऱ्या आजाराचा उपचार केवळ समुपदेशनाने होत नाही, असे या पत्राचे स्पष्ट मत आहे.

मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर गुणकारी दाखवलेले लिथियम आजही यावरील प्रमुख औषध आहे; मात्र त्याची उपचारमात्रा आणि विषमात्रा यांतील अंतर इतके थोडे की, रक्तातील प्रमाण वरचेवर तपासावेच लागते. ही चाचणी जेथे हाताशी नाही, तेथे डॉक्टर हे स्वस्त औषध लिहिण्यास कचरतात, आणि दिलेच तर साध्या जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी घटूनही विषबाधेचा धोका रुग्णाच्या माथी राहतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आहे. म्हणून राज्य शासनाने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लिथियमची ही चाचणी मोफत उपलब्ध करावी.