‘चालते न भाऊ’ची स्टेपनी

“चालते न भाऊ, कायले टेन्शन घेता?”

हे वाक्य मी गेल्या पावसाळ्यात सेमाडोहच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, भर पावसात छत्री धरून ऐकलं. आमची गाडी पंक्चर झाली होती. साधं पंक्चर नाही, दगडाने टायरची बाजूच फाटली होती. आरोग्य शिबिरासाठी आम्ही पाच जण निघालो होतो, मागे औषधांचे खोके होते. गाडी भाड्याने लावलेली, फोर बाय फोर. ‘तिकडे चिखल असतो’ म्हणून मुद्दाम तीच मागवली होती. कोणत्या कार्यालयाने लावली ते सांगत नाही, कारण हा एका कार्यालयाचा मुद्दा नाही. तुमच्या ओळखीच्या कोणत्याही कार्यालयाबाहेर जा, अशीच गाडी उभी दिसेल.

मागच्या दारावरच्या स्टेपनीला झकास कव्हर होतं. त्यावर डरकाळी फोडणारा वाघ. कव्हर काढलं तर आत मांजर निघालं. बाकीच्या चार टायरांपेक्षा नुसत्या डोळ्यांनी लहान दिसणारा, मधोमध टक्कल पडलेला, भलत्याच मापाचा टायर. मी बोललो तर ड्रायव्हर वरचं वाक्य म्हणाला. मग हळूच म्हणाला, “मालक देतच नाही न साहेब दुसरा. म्या दोनदा सांगतलं.”

तो टायर मागच्या चाकाला लागला. पुढे चिखल आला, ड्रायव्हरने फोर-एच टाकला, गाडी निघाली. सगळे खूश. चिखल संपून डांबर लागलं, पाऊसही उघडला होता. आता फोर-एच काढायचा, तर लिव्हर जागचा हलेना. तशीच दामटली. चढाच्या वळणावर खालून ‘कडाक्’ असा आवाज आला आणि गाडी जागेवर. परतवाड्याच्या मेकॅनिकने नंतर उघडून दाखवलं, ट्रान्सफर केसमधल्या गिअरचे दात गेले होते.

आम्ही साडेतीन तास रस्त्यावर. मोबाइलला रेंज नाही. ज्या गावाला जात होतो तिथे आठव्या महिन्यातली एक बाई बीपी वाढल्यामुळे आमच्या गाडीची वाट बघत होती, परतताना तिला दवाखान्यात आणायचं ठरलं होतं. तिला शेवटी दिराने मोटारसायकलवर बसवून नेलं. मायलेकरू सुखरूप आहेत, हे नशीब. पण नशिबावर किती दिवस गाडी चालवायची?

आता काही मित्र म्हणतील, एका टायरने एवढं काय होते बाप्पा? तर ऐका.

लहान टायरला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात. उदाहरण घ्या. २०२० साली आलेल्या थारच्या वेगवेगळ्या प्रकारांत दोन मापांचे टायर आहेत, २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. हिशेब केला तर दोघांच्या व्यासात जेमतेम दीड सेंटीमीटरचा फरक निघतो. पण तेवढ्याने लहान टायर दर किलोमीटरला सात-आठ फेरे जास्त फिरतो. म्हणजे अकोल्याहून अमरावतीला पोचेपर्यंत सातशेच्या वर जास्तीचे फेरे. आणि माप तेच असलं तरी सुटका नाही. नव्या टायरची खाच आठेक मिलिमीटर असते. झिजून दोनवर आली की व्यास बारा मिलिमीटरने कमी झालेला असतो.

साध्या टू-व्हील गाडीत हा फरक डिफरन्शियल अंगावर घेतं. तापतं, झिजतं, पण निभावून नेतं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या फोर बाय फोर गाड्यांची गोष्ट वेगळी. फोर-एच टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांनी एकाच वेगाने फिरायचं. चिखलात चाक थोडं घसरतं, ताण सुटतो. डांबरावर चाक घसरत नाही, ताण आतल्या आत पीळ भरल्यासारखा वाढत जातो. म्हणूनच चारही टायर सारखे असले तरी कोरड्या डांबरावर फोर-एच लावू नये असं कंपनीच्या पुस्तिकेत असतं. त्यात एक चाक लहान म्हणजे पीळ आणखी लवकर भरतो. लिव्हर अडकतो तो यामुळेच.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. खोंड आणि म्हातारा बैल एका जुवाला जुंपला तर कोणाची मान सोलते आणि तास कसं वाकडं जाते, ते त्याला माहीत आहे.

“मग चूक ड्रायव्हरची. डांबर लागताच फोर-एच काढायला पाहिजे होता.” होय, चूक त्याचीही. पण त्याला कोणी शिकवलं? पुस्तिका मालकाच्या घरी, पगार महिनोन्‌महिने लटकलेला, आणि टायर मागितला तर शिव्या. सगळ्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडणं आपल्याला फार चांगलं जमतं.

दुसरं म्हणणं: “कंपन्याच लहान स्टेपनी देतात.” काही देतात, खरं आहे. पण त्या स्टेपनीवर बहुधा वेगमर्यादेचा कागद चिकटवलेला असतो, ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नका. ती दुकानापर्यंत पोचायला असते, मेळघाटात रुग्ण आणायला नव्हे. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असलेल्या लहान प्रवासी गाड्यांना आता स्टेपनीची सक्ती नाही. शहरात ठीक आहे. पण दगडाने बाजू फाटलेला टायर किटने सांधत नाही, हे दिल्लीत बसून दिसत नाही. ते हरिसालच्या रस्त्यावर दिसते.

स्टेपनी हा शब्दच मुळात एका कंपनीचा. वेल्समधल्या लनेली गावात, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, १९०४ च्या सुमारास दोन भावांनी जास्तीचं चाक विकायला सुरुवात केली, कारण तेव्हाच्या मोटारींना ते मिळतच नसे. सव्वाशे वर्षं होत आली. नाव आपण उचललं, अर्थ विसरलो.

आणि विक्रमांची हौस बघा. जून २०२२ मध्ये आपल्याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत अंथरली, गिनीज बुकात नाव गेलं. अभिमान आहे, मीही तेव्हा पोस्ट टाकली होती. पण त्याच रस्त्याने सरकारी बोर्ड लावलेल्या भाड्याच्या गाड्या टक्कल पडलेली स्टेपनी पाठीवर घेऊन धावतात, त्याचं काय? चारचाकीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर कायद्याने बाद. पण कव्हराच्या आत कोण बघते?

माझी मागणी साधी आहे.

भाड्याच्या गाड्यांच्या निविदेत पाच टायरांची अट घाला. चार नाही, पाच. एकाच मापाचे, एकाच जातीचे, खाच शिल्लक असलेले. पहिलं बिल काढण्याआधी कव्हर काढून पाचही टायरांचे फोटो घ्या. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम देता ना? मग तो दर कशात वाचवतो तेही बघा. बहुतेकदा तो पाचव्या टायरात वाचवतो.

आणि आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. पोळ्याला बैलाचे खूर बघतो, दसऱ्याला गाडीला हार घालतो, लिंबू-मिरची बांधतो, पण स्टेपनीचं कव्हर उघडत नाही. सेकंडहँड गाडी घेताना तर अजिबात नाही. येत्या रविवारी उघडा. माप चार टायरांशी जुळते का बघा. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. न वापरताही रबर म्हातारं होते, आणि आपल्याकडच्या ४५ डिग्रीत लवकरच होते. टायरांची अदलाबदल करता तेव्हा पाचवाही फिरवा, म्हणजे पाचही सारखे झिजतील.

कधी नाइलाजाने वेगळ्या मापाचा लावावाच लागला, तर मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत तो पुढे लावा, पुढचा चांगला टायर मागे घ्या. फोर-एचला हात लावू नका. हळू चालवत पहिल्या टायरवाल्यापर्यंत जा. लिव्हर अडकलाच तर जोर करू नका, गाडी सरळ थोडी मागे घ्या, बरेचदा पीळ सुटतो. हे त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

‘चालते न भाऊ’ म्हणणाऱ्याची गाडी चालतेच, अडेपर्यंत. अडते तेव्हा मालक अमरावतीत झोपलेला असतो आणि रस्त्यावर दुसराच कोणीतरी उभा असतो.

रविवारी कव्हर उघडल्यावर आत काय निघालं, वाघ की मांजर, ते खाली लिहा.