सीसीएनएला क्लास कशाला?

"सीसीएनए करायचंय, कुठला क्लास चांगला?" हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणारा भाचा असतो, पुतण्या असतो, नाहीतर मित्राचा मुलगा. कधी कधी मुलाचे वडीलच फोन करतात. त्यांचं म्हणणं आणखी सरळ असतं, "किती पैसे भरायचे तेवढं सांगा, बाकी तो करेल." गंमत म्हणजे "अभ्यास कसा करू?" असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. क्लास लावला की अभ्यास आपोआप होतो, अशी आपली दहावीपासूनची समजूत आहे.

तर आज एकदाचं लिहून टाकतो. माझ्या मते सीसीएनएसारख्या परीक्षेला क्लासची गरज नाही. एवढंच नाही, तर पहिल्याच दिवशी क्लासला जाऊन बसणाऱ्याचं बऱ्याचदा नुकसानच होतं.

आधी क्लासच्या बाजूने जे बोलायचं ते बोलतो. सिस्कोने ही परीक्षा १९९८ मध्ये आणली. त्यानंतरची बरीच वर्षं क्लास लावण्याला एक भक्कम कारण होतं: क्लासवाल्यांकडे राऊटर होते आणि आपल्याकडे नव्हते. जुना, वापरलेला राऊटर विकत घ्यायचा तरी साध्या घरातल्या पोराला परवडत नव्हता. इंटरनेट म्हणजे सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून बसणं. तेव्हा चार राऊटर आणि दोन स्विच रॅकमध्ये लावलेला क्लास ही खरोखर कामाची जागा होती.

आज ते कारण उरलेलं नाही. पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो, फक्त सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवायचं. जीएनएस३ फुकट आहे. वेंडेल ओडम यांचं पुस्तक दोन खंडांत मिळतं. यूट्यूबवर 'जेरेमीज आयटी लॅब'चा अख्खा सीसीएनए कोर्स लॅबसकट पडलेला आहे, एक पैसा न देता. कुठल्या भागाला किती वजन तेही सिस्को स्वतःच सांगते. २०२० पासूनच्या २००-३०१ या परीक्षेत आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के, नेटवर्क अॅक्सेसला २० टक्के, ऑटोमेशनला १० टक्के, वगैरे. मग क्लासवाला विकतो काय? वेळापत्रक. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सात ते नऊ. आणि "आपलं पोरगं काहीतरी करतंय" हे घरच्यांचं समाधान.

आता नुकसानीचं. एक उदाहरण देतो, जरा तांत्रिक आहे, पण सोसा. दोन स्विचमधल्या ट्रंकवरून व्हीलॅन १० आणि २० चाललेत. त्यात ३० वाढवायचा आहे. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन' एवढं लिहून पुढे नुसतं ३० टाकलंत, तर यादीत ३० वाढत नाही, जुनी यादी पुसली जाते. १० आणि २० जागीच बंद. वाढवायचं असेल तर मध्ये 'अॅड' लिहावं लागतं. क्लासमध्ये सर सांगतात, "अॅड विसरू नका हं." पोरं वहीत लिहून घेतात, खाली लाल रेघ मारतात. लॅब पहिल्या फटक्यात चालते आणि सगळे घरी जातात.

घरी एकटा बसलेला पोरगा 'अॅड' विसरतो. मघाशी चालणारं पिंग बंद पडतं. तो केबल तपासतो, आयपी तपासतो, चिडतो, चहा पिऊन येतो. शेवटी 'शो इंटरफेसेस ट्रंक' मारतो आणि यादीत एकटा ३० बघून कपाळावर हात मारतो. त्याचा तास वाया गेला असं तुम्ही म्हणाल. मी म्हणतो, त्या संध्याकाळी शिकला तो हाच. बिघडलेलं शोधायचं कसं, कुठून सुरुवात करायची, हे त्याच्या हातात आलं. नोकरीत नेमकं हेच काम असतं. रात्री दोन वाजता बँकेची लिंक पडते तेव्हा सर शेजारी उभे नसतात.

मुलाखती घेताना हा फरक मला स्पष्ट दिसतो. /२६ मध्ये किती होस्ट, विचारलं की "६२" असं उत्तर चटकन येतं. २५६ मधून १९२ वजा करायची युक्ती सगळ्यांना पाठ. मग मी विचारतो, एका पीसीचा पत्ता १९२.१६८.१०.६० आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१०.७०, दोन्हींना /२६, दोन्ही एकाच स्विचला, राऊटर नाही. पिंग होईल? इथे शांतता. "होईल ना सर, एकच स्विच आहे." अरे बाबा, पहिला ६३ च्या अलीकडे, दुसरा ६४ च्या पलीकडे. नेटवर्कच वेगळं! बासष्ट पाठ आहे, पण ते कशाचे बासष्ट हे कधी स्वतः मांडून पाहिलेलं नाही.

आणि मग ती '१०० टक्के पास गॅरंटी'. सिस्को पासिंगचा आकडा जाहीरच करत नाही, मग ही गॅरंटी कुठून येते? डंपमधून. चोरलेले प्रश्न, पाठ केलेली उत्तरं. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. नाही पकडलं गेलं तरी मुलाखतीत पाच मिनिटांत उघडं पडतं. परीक्षेची फी ३०० डॉलर आहे, म्हणजे कर धरायच्या आधीच पंचवीस हजारांच्या पुढे. त्यावर क्लासची फी, वर पुण्यातली खोली आणि मेस. लातूर-परभणीकडच्या एखाद्या घरात हा पैसा सोयाबीनच्या पट्टीतून बाजूला काढलेला असतो. तो घेऊन त्या पोराला चोरीचे प्रश्न पाठ करायला लावणं याला मी शिकवणं म्हणत नाही. सरळ फसवणूक म्हणतो.

"घरी वातावरण नसतं" असं मला सांगितलं जातं. खरं आहे, दोन खोल्यांत पाच माणसं असली की बसायचं कुठे? पण मग तुम्हाला जागा हवी आहे, आणि जागेसाठी अभ्यासिका आहे. क्लासच्या मानाने ती फारच स्वस्त पडते. "मराठी माध्यमाचा आहे, इंग्रजी जड जातं" हेही ऐकतो. त्या पोराला तर मी आणखी आग्रहाने पुस्तक वाचायला सांगेन. परीक्षा इंग्रजीतच द्यायची आहे, १२० मिनिटांत, आणि एकदा उत्तर दिलं की मागे जाता येत नाही. सरांनी मराठीत समजावलं तर बरं वाटतं, पण पडद्यावरचा प्रश्न वाचणार कोण?

"शिस्त राहत नाही" हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. तरी त्याचं उत्तर क्लास नाही. हे सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. तोपर्यंत अभ्यासक्रम थोडा सरकलेला असतो. या धंद्यात राहायचं तर दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी नवं एकट्याने शिकावंच लागतं. दर वेळी क्लास लावणार का? एकट्याने बसायची सवय आत्ता, बाविसाव्या वर्षी लागली नाही तर पस्तिसाव्या वर्षी, घर-संसार सांभाळून, लागणं फार अवघड.

चांगले शिकवणारे नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, आणि त्यांच्याकडे जरूर जावं. पण तीन महिने स्वतः धडपडल्यावर, वहीत वीस प्रश्न घेऊन. ते प्रश्न ऐकून जो सर खूश होईल त्याला फी द्या. "सिलॅबस पूर्ण होईल, काळजी करू नका" म्हणणाऱ्याला देऊ नका.

तेव्हा पुढच्या वेळी मला क्लासचं नाव विचाराल तर मी सांगणार नाही. आज रात्री पॅकेट ट्रेसर उतरवा, दोन स्विच जोडा आणि चालू असलेलं काहीतरी बिघडवा. दुरुस्त होईना म्हणून अडलात की खुशाल फोन करा, कितीही वेळ बोलेन.