डिकीतला डीजे आणि आपली दातखीळ

मंडळी, आज जरा कडू लिहितोय. ज्याला टोचेल त्याने टोचून घ्यावं.

आधीच सांगतो, गाडीत चांगले स्पीकर बसवायला माझा विरोध नाही. कंपनीचे स्पीकर बऱ्याचदा कामचलाऊच असतात. दिवसभर स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसाने चार पैसे साठवून दारात बरे स्पीकर टाकले, काचा वर केल्या आणि भीमसेनजींचे अभंग ऐकले की आनंद शिंदेंची गाणी, कुणाच्या बापाचं काही जात नाही.

माझं भांडण डिकीशी आहे. डिकीत दोन बारा इंची वूफर, सीटखाली ॲम्प्लिफायर. आणि वाजवायचं कधी? तर रात्री साडेअकराला, भर चौकात, डिकी सताड उघडी टाकून, बोनेटवर भाऊंच्या वाढदिवसाचा केक ठेवून.

अहो, डिकी उघडली की तो गाडीतला स्पीकर राहतच नाही, तो गावाचा भोंगा होतो. आणि त्याला कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शांतता क्षेत्रात दिवसा ५०, रात्री ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि त्या नियमात ॲम्प्लिफायरचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे "आमची गाडी आहे, मंडप कुठंय?" हे चालणार नाही. बोलायचं स्वातंत्र्य आहे म्हणून दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ लाच सांगून ठेवलंय.

डेसिबलचा हिशोब साध्या बेरजेचा नसतो, बरं का. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. ४५ च्या जागी ९५ वाजले तर दुप्पट नव्हे, एक लाखपट! त्यात बास तर भिंतीलाही जुमानत नाही. खिडकीची काच थरथरते, नुकतंच झोपलेलं लेकरू दचकून उठतं, आणि नुकतीच अँजिओप्लास्टी झालेला म्हातारा छातीवर हात ठेवून गाणं कधी संपतंय याची वाट बघत पडून राहतो. पहाटे उठून अभ्यास करणारी दहावीची पोरगी कुणाकडे दाद मागणार?

पोरांनो, तुमच्या फायद्याचंही सांगतो. १०० डेसिबलचा आवाज कान साधारण १५ मिनिटं सहन करतो, पुढे इजा सुरू होते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. खोक्यावर छापलेल्या "१००० वॅट"ला भुलू नका, आरएमएस किती ते विचारा. आणि ॲम्प्लिफायरची वायर बॅटरीवरून थेट ओढली असेल तर बॅटरीजवळ फ्यूज आहे का, ते आजच बोनेट उघडून बघा. फ्यूज नसेल आणि ती वायर कुठे पत्र्याला घासली, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. बिल न देणारा फिटर त्या दिवशी तुम्हाला ओळखणारही नाही.

आता मुद्द्याचं. बुलेटचे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो राज्यातल्या कितीतरी शहरांतून आले. चांगलंच झालं. पण डिकीतला वूफर रोलरखाली गेलेला तुम्ही कधी पाहिलाय? मी तरी नाही. कारण बुलेटवर कुणाचं तरी पोरगं असतं, आणि डिकीवाल्या गाडीच्या काचेवर कुणाचा तरी फोटो असतो! फ्लेक्सवर ज्यांची नावं, केक कापायला तेच, आणि शांतता समितीच्या बैठकीत पहिल्या खुर्चीवरही तेच. मग मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

आपणच. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय की तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी. तो खटला प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांचा होता. पण जो नियम देवाच्या भोंग्याला लागतो, तो भाऊंच्या डिकीला का लागू नये?

म्हणून मागणी साधी आहे. पोलिसांनी डेसिबल मीटर कपाटातून बाहेर काढावं आणि पहिली कारवाई फोटो लावलेल्या गाडीवर करावी. बाकीच्या डिक्या आपोआप बंद होतील. आणि तुम्ही? रात्री दहानंतर डिकी उघडी दिसली की ११२ फिरवा. एकाने फिरवला तर तो शत्रू ठरतो, गल्लीतल्या पंधरा जणांनी फिरवला तर ते गाव ठरतं.

गाणं तुमचं, गाडी तुमची. झोप मात्र आमची आहे. काच वर घ्या, डिकी लावा.