सरकारी वकील साक्षीदाराला आधी भेटला तर बिघडले कुठे?

‘सरकारी वकिलाचे काम कोर्टात, लोकांत मिसळायला पुढारी आहेत की!’ हा आक्षेप वकिलांच्या गप्पांत इतक्या सहज केला जातो, की त्याला उत्तर देण्याच्या फंदात कुणी पडत नाही. सहायक सरकारी अभियोक्त्याने ग्रामसभेला जावे, पीडितेच्या घरच्यांना खटला कुठवर आला ते सांगावे, असे सुचवायचा अवकाश, मिरवण्याची हौस म्हणून शिक्का बसतो. आक्षेपात खरे आहे तेवढे आधी मान्य करतो. निकालाआधीच कॅमेऱ्यासमोर आरोपीला फासावर चढवून मोकळे होणारे सरकारी वकील आपण पाहिले आहेत. त्याला जनसंपर्क म्हणायचे असेल, तर मीही विरोधकांतच.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा कोर्टाच्या व्हरांड्यात समन्स हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचा आहे. घटना घडून काही वर्षे उलटलेली. त्याचा जबाब पोलिसांनी लिहिलेला. त्यावर सही घ्यायची नाही, असे कायदाच सांगतो. सकाळी आलेला हा माणूस दुपारी पुकारा होईपर्यंत ताटकळतो, आणि ज्याच्या पक्षाने साक्ष द्यायची तो सरकारी वकील त्याला पहिल्यांदा दिसतो तो पिंजऱ्यात उभे राहिल्यावर. आरोपीचे नातेवाईक मात्र त्याला गावातच दहादा भेटून गेलेले असतात. मग तो ‘मला काही आठवत नाही’ म्हणतो, फितूर ठरतो, आणि सुटलेला आरोपी त्याच गावात परत येतो. सार्वजनिक सुरक्षितता म्हणतात ती इथे ढासळते. चौकात आणखी चार कॅमेरे बसवून ती सावरत नाही.

यावर विरोधकांचे सगळ्यात वजनदार उत्तर असे: आधी भेटलात तर साक्षीदार पढवलेला ठरेल. उलटतपासणीत बचावाचा वकील पहिलाच प्रश्न तो विचारील. विचारू द्या. कोर्टात कुठे उभे राहायचे, शपथ कशी घ्यायची, आठवत नसेल तर तसे सांगायला घाबरायचे नाही, धमकी आली तर कुणाकडे जायचे, हे सांगणे म्हणजे पढवणे नव्हे. साक्षीत काय बोलायचे ते तोंडात घालणे, हे पढवणे. ही रेघ पुसट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ती लेखी आखून द्यावी. रेघ आखायचा कंटाळा आला म्हणून साक्षीदाराला एकटे सोडायचे, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप निःपक्षपातीपणाचा. अभियोक्ता हा तपासयंत्रणेचा भाग नाही, तो स्वतंत्र वैधानिक अधिकारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात 1994 साली बजावले. पुढच्याच वर्षी शहाणे खटल्यात, सहायक अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या अंमलाखालून बाहेर काढून त्यांचे वेगळे खाते करा, असे महाराष्ट्र सरकारलाच सांगावे लागले. हे स्वातंत्र्य पोलिसांपासूनचे होते. लोकांपासून अंतर राखण्याचा अर्थ त्यातून काढणे ही सोयीची चलाखी आहे.

आणि कायदा तर केव्हाच पुढे गेला आहे. 5 डिसेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. तीत जिल्हा न्यायाधीश समितीचे अध्यक्ष, जिल्हा पोलीसप्रमुख सदस्य आणि जिल्ह्यातील अभियोगाचा प्रमुख सदस्य-सचिव. घाबरलेल्या साक्षीदाराचा अर्ज या सचिवामार्फतच समितीपुढे जायचा. आता हा अभियोक्ता कोण, बसतो कुठे, हेच ज्याला ठाऊक नाही तो अर्ज कुणाकडे नेणार? कायदेविषयक शिबिरे विधी सेवा प्राधिकरण भरवतेच, असे सांगतात. भरवते, आणि चांगले करते; पण ते आरोपीलाही मोफत वकील देते. ‘माझ्या खटल्याचे काय झाले?’ या प्रश्नाला ते कसे पुरे पडणार?

अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये 1990 साली मायकेल श्रंक या जिल्हा अभियोक्त्याने आपला एक वकील थेट एका वस्तीत नेऊन बसवला. लोकांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या बहुतांशी मोठ्या गुन्ह्यांच्या नव्हत्याच. उघड्यावरची दारू, गाड्यांमधल्या चोऱ्या, असल्या होत्या. तो प्रयोग निर्दोष नव्हता. सुरुवातीचा पैसा तिथल्या व्यापाऱ्यांनी दिला होता, आणि ज्याचा पैसा त्याची तक्रार आधी, हा धोका उघडच आहे. शिवाय तिथला अभियोक्ता निवडून येतो, आपला नेमला जातो. मला तर हा फरक आपल्या बाजूचा वाटतो: आपल्या वकिलाला मते मागायची नाहीत, त्यामुळे लोकांत जाण्यामागे मतांचा हिशेब असायचे कारण नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. तो खरा आहे. एकेका अभियोक्त्यावर कामाचा ढीग असतो. म्हणूनच भाषणे आणि सत्कार आधी बंद करा.

अभियोग संचालनालयाला मागणी एवढीच. प्रत्येक तालुका कोर्टाच्या दाराशी एक पाटी लावा. तीवर सरकारी अभियोक्त्याचे नाव, खोली, साक्षीदारांना भेटायची वेळ आणि संरक्षणाचा अर्ज कुठे द्यायचा ते मराठीत लिहा. आणि त्या वेळेला अभियोक्ता खोलीत असेल, एवढे पाहा.