तो ऐकत नाही, की त्याला ऐकूच येत नाही?

"सिस्टर, पोरगा अजिबात ऐकत नाही हो."

शासकीय रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात परिचारिका म्हणून काम करताना हे वाक्य मी किती आयांच्या तोंडून ऐकले, त्याची मोजदाद नाही. त्यातल्या एका ताईंचा मुलगा सतरा वर्षांचा होता. पंक्चरच्या दुकानात कामाला. हाक मारली तर वळून बघत नाही, टीव्ही मोठ्याने लावतो, काही बोलले की अंगावर येतो, अशी तक्रार. बापाने दोनदा चांगले बदडले होते. पोरगा उद्धट झाला, असे सगळ्या गल्लीचे मत पडले होते. तो खाली मान घालून बसला होता आणि त्याच्या शर्टाच्या बाहीला सोल्युशनचा वास येत होता. तपासणीच्या बंद खोलीत त्याच्या कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचे, एवढेच काम. जाड आवाजांना त्याने दाबले. बारीक, उंच आवाजांना दोन्ही कानांनी काहीच उत्तर दिले नाही.

आईने कागद हातात धरला आणि विचारले, "म्हणजे त्याच्या बापानं त्याला उगाच मारलं?"

आपल्या भाषेत 'ऐकणे' म्हणजे कानाने ऐकणे आणि 'ऐकणे' म्हणजे सांगितलेले मानणेही. घरातला मुलगा नशा करतो हे कळले की आपण दुसराच अर्थ धरून बसतो. माझे म्हणणे एवढेच की आधी पहिला अर्थ तपासा.

नशेचा कानाशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. आतल्या कानात शंखासारखी एक वळणदार नळी असते. तिच्यात केसांसारखी टोके असलेल्या सुमारे पंधरा हजार बारीक पेशी असतात. बाहेरचा आवाज पकडून मज्जातंतूकडे पोचवणे हे त्यांचे काम. कातडी खरचटली तर नवी येते, हाड मोडले तर जुळते, पण या पेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पंक्चरचे सोल्युशन, चपलांचा गोंद, थिनर, व्हाइटनर यांपैकी अनेकांत टोल्यूइनसारखी द्रावके असतात आणि टोल्यूइन या पेशींना मारते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे. छपाई आणि रंगाच्या कारखान्यांत ही वाफ वर्षानुवर्षे श्वासात जाणाऱ्या कामगारांचीही श्रवणशक्ती कमी झालेली आढळली. कारखान्यात वाफ हवेत मिसळून येते. रुमालात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत सोल्युशन ओतून ओढणारा पोरगा त्याच्या कितीतरी पट जास्त आत घेतो. मेंदूवर आणि तोल सांभाळण्याच्या शक्तीवरही तिचा परिणाम होतो. म्हणून असा मुलगा कधी कधी न पिताही झोकांड्या खातो.

गर्द, अफूपासूनच्या किंवा तशाच गुणाच्या वेदनाशामक गोळ्या, कोडीनचे खोकल्याचे औषध यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे पुरावा मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदींचा आहे, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कानाच्या डॉक्टरांनी २००० साली अशा १२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या दीर्घकाळ भरमसाट खाऊन त्यांचे दोन्ही कान झपाट्याने गेले होते. साध्या श्रवणयंत्राने भागेना, म्हणून अनेकांच्या कानात शस्त्रक्रियेने यंत्र बसवावे लागले. गर्दचा डोस जास्त होऊन बेशुद्ध पडलेला माणूस शुद्धीवर येतो तो बहिरा होऊनच, असेही घडले आहे. काहींचे कान परत आले, काहींचे नाही. झोपेच्या गोळ्यांचे, ज्यांना आपल्याकडे पोरे 'बटन' म्हणतात, त्यांचे तंत्र आणखी निराळे. त्या एकदम बंद केल्या तर कानात सतत गुणगुण सुरू होऊ शकते, साधा भांड्याचा आवाजही सहन होत नाही आणि फिट येण्याचाही धोका असतो. म्हणून आईने चिडून गोळ्या गटारात फेकल्या म्हणजे काम झाले असे नाही. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवाव्या लागतात.

आता एक गोष्ट लिहिते, ती काहींना आवडणार नाही. द्रावकाची वाफ आणि मोठा आवाज एकत्र आले की कानाचे नुकसान नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होते. आपल्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला पाठ लावून रात्रभर नाचणारी पोरे आठवा आणि त्यांतल्या किती जणांच्या खिशात रुमाल असतो तेही आठवा. आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, इथपर्यंतच जागतिक आरोग्य संघटना आवाज सुरक्षित मानते. डीजेसमोर ही मर्यादा काही मिनिटांत संपते. जयंती मोठ्या आवाजात झाली नाही तर ती लहान होते, हे मला मान्य नाही.

तरी सगळे खापर नशेवर फोडू नये. वस्तीत कान वाहणारी मुले काही कमी नाहीत. तो मधल्या कानाचा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि त्यात गरम तेल ओतायचे नसते हे मी पुन्हा पुन्हा सांगत आले. क्षयरोगावर वर्षानुवर्षे दिल्या गेलेल्या स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन यांसारख्या इंजेक्शनांनीही आतला कान जातो. त्या पंक्चरवाल्या मुलाचा कान लहानपणी वाहत होता आणि दुकानात दिवसभर कॉम्प्रेसर चालायचा. सोल्युशननेच कान गेले, असे आमच्या डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितले नाही. पण सोल्युशन चालू राहिले तर उरलेलेही जाईल, हे मात्र स्पष्ट सांगितले.

आणि ते सांगता आले, कारण आईने खरे सांगितले. माझा खरा राग इथे आहे. दहातल्या नऊ घरी लपवतात. "तो तसलं काही करत नाही," असे म्हणतात. मग डॉक्टर मळ काढतात, थेंब लिहून देतात आणि मुलगा घरी जाऊन पुन्हा रुमाल काढतो. अचानक एक-दोन दिवसांत कान बंद पडला तर पहिल्या दोन आठवड्यांत स्टिरॉइड सुरू झाले पाहिजे. तो काळ लपवाछपवीत निघून जातो. भीती कशाची, तर पोलिसांची आणि लोकांची. डॉक्टर पोलीस नव्हेत. अंमली पदार्थांच्या कायद्यातल्या ६४-अ कलमानुसार, स्वतःच्या नशेसाठी पकडला गेलेला व्यसनी माणूस आपणहून शासनाच्या किंवा शासनमान्य केंद्रात उपचाराला तयार झाला आणि ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. लोकांच्या भीतीचे काय करायचे, ते आपल्याच हातात आहे. पाचवे शील आपण प्रत्येक जण स्वतःसाठी घेतो. ते दुसऱ्याच्या पोराला विहाराच्या दारातून परत पाठवण्यासाठी नाही.

घरी एक साधी तपासणी करता येते. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा, त्याला एक कान बोटाने बंद करायला सांगा आणि कुजबुजत तीन आकडे म्हणा. मग दुसरा कान. चुकला, किंवा कानात शिट्टीसारखा आवाज येतो म्हणाला, तर शासकीय रुग्णालयात कानाची तपासणी करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना केंद्राच्या योजनेतून श्रवणयंत्र मिळते. व्यसनासाठी १४४४६ हा विनामूल्य क्रमांक आहे, आणि पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे. कान आणि व्यसन, दोन्ही उपचार एकाच वेळी सुरू करा. ज्याला समुपदेशकाचे बोलणे धड ऐकू येत नाही तो गटात बसून नुसती मान हलवतो आणि चौथ्या दिवशी येणे बंद करतो.

त्या मुलाला यंत्र मिळाले. पहिला महिनाभर तो ते खिशात ठेवायचा, मित्र हसतात म्हणून. परवा ताई बाजारात भेटल्या. आता हाक मारली की "काय गं" म्हणतो, म्हणाल्या. सोल्युशन पूर्ण सुटलेले नाही, मधे दोनदा पुन्हा ओढले. सोमवारी दोघे परत जाणार आहेत, या वेळी बापही सोबत येतो म्हणाला आहे.